चेहऱ्यावरची सावली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलवावे, तिने चार मोठ्या गोष्टी सांगाव्यात आणि त्या ऐकून आपण कोकमाचे सरबत प्यावे, ही आपली आजवरची रीत. यंदा चालकांनी ती मोडली आणि घरच्याच माणसाला उभे केले. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मी काही वक्ती नव्हे. सारा जन्म शाळेत चित्रकला शिकविण्यात गेला, त्यामुळे हातात खडू असल्याशिवाय माझे तोंड उघडत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी फळाही आणून ठेवला, मग मला पळवाट उरली नाही. स्मरणिकेत फळा छापता येत नाही, म्हणून त्या दिवशी खडूने जे काढून दाखविले ते येथे शब्दांनी सांगत आहे. काही ठिकाणी ते अपुरे पडेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

विषय अगदी लहान आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शिसपेन्सिलीने माणसाचा चेहरा काढताना त्यावरचा उजेड आणि सावली कशी धरावी, एवढाच. आपल्यापैकी बऱ्याच जणींना माझी वही ठाऊक आहे. बाजारातून येताना, लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाला, कोणी जरा स्वस्थ बसलेली दिसली की मी वही काढते, हेही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे! त्या वहीत एक चित्र असे आहे की जे मी माझ्या हाताने बिघडविले. त्याची हकीकत पुढे येईल. आज मी उभी राहिले ती खरे म्हणजे त्या एका चित्रामुळे.

प्रथम सावलीकडे वळू. आपण मालवणच्या बायका, सिंधुदुर्ग किल्ला आपल्याला उठल्याबसल्या दिसतो. थंडीच्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारास धक्क्यावर उभ्या राहून तो पाहा. सूर्य आपल्या पाठीमागून, जरा डाव्या अंगाने येतो. प्रत्येक बुरुजाची एक बाजू उजळलेली असते, दुसरी काळवंडलेली, आणि बुरुज कसा गोल, पोटदार दिसतो. आता तोच किल्ला संध्याकाळी पाहा. सूर्य किल्ल्यामागे गेलेला असतो, बुरुज-तट सगळे एक होऊन पाण्यावर काळी पट्टी ओढल्यासारखे दिसते. किल्ला तोच, बुरुजही तेच, पण गोलाई नाहीशी झालेली असते. सकाळी ती आपल्याला दाखविली कोणी? बुरुजाच्या काळ्या बाजूने. ती बाजू खडूने पांढरी करून टाकली, तर सकाळीही तो किल्ला कागद कापून चिकटविल्यासारखा दिसेल.

माणसाच्या चेहऱ्याचे असेच आहे. नाक म्हणजे एक लहानसा बुरुजच. समोरून पाहिले तर नाकाला रेघ कोठे असते? नसतेच. आपण मुलांना नाक काढायला सांगितले की ती दोन उभ्या रेघा ओढतात आणि खाली दोन टिंबे देतात. मी इतकी वर्षे त्या रेघा पाहिल्या. नाकाची एक बाजू उजेडात असते, एक नसते, आणि नाकाखाली ओठापर्यंत एक लहानशी सावली पडते. त्या दोन सावल्या बरोबर जागी टेकविल्या की रेघ न ओढता नाक उभे राहते. वरची पापणी डोळ्याच्या बुबुळावर सावली टाकते, म्हणून डोळ्यातला पांढरा भाग कधीच कागदासारखा पांढरा नसतो. तो तसा सोडला तर माणूस भुताने झपाटल्यासारखा दिसतो. उजेड वरून येत असेल तर वरचा ओठ गडद आणि खालचा उजळ. हे शाळेतल्या मुलीला सांगितले की तिला खोटे वाटते. आरशात पाहून आली की पटते.

आता साहित्य. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे एक काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला. लोकांना ते शिशाचेच एक रूप वाटले आणि नाव चिकटले ते आजपर्यंत. तो ग्रॅफाइट. पुढे १७९५ साली कोंते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मिसळून भाजण्याची युक्ती काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. एचबी, टूबी, फोरबी ही अक्षरे त्या प्रमाणाचीच. लहान चेहऱ्याला माझ्या मते एचबी आणि टूबी पुरे. सिक्सबीचा काळेपणा मोठ्या कागदाला शोभतो. दोन इंचांच्या चेहऱ्यावर तो काजळ पसरल्यासारखा होतो.

पेन्सिल पात्याने तासावी, टोक लांब ठेवावे, आणि सावली भरताना ती आडवी धरावी. बोटाने घासू नये. मुलांना बोटाने घासून ‘शेडिंग’ करण्याची भारी हौस. आपल्या कोकणातल्या दमट हवेत बोटाला घाम आणि तेल असतेच; ते कागदात जिरले की त्या जागी पुन्हा पेन्सिल लागत नाही, नुसती चकाकते. पावसाळ्यात तर कागदच ओलसर असतो, टोक रुतते. मी जूनपासून वही तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते; घरचे हसतात.

बसणाऱ्या बाईला कोठे बसवावे याला मी सर्वांत अधिक महत्त्व देते. पडवीत बसवावी. पडवीत उजेड एका अंगाने येतो. खळ्यात, उघड्या उन्हात बसविली तर ती डोळे बारीक करते आणि कपाळाला आठ्या घालते. माजघरात काचेच्या कौलाखाली बसविली तर उजेड डोक्यावरून पडून डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि गरीब स्वभावाची बाईसुद्धा खाष्ट सासू दिसू लागते. लिओनार्दो द व्हिंची या मोठ्या चित्रकाराने लिहून ठेवले आहे की, चेहरा काढावा तो ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळच्या वेळी, आणि त्यासाठी चित्रकाराने काळ्या भिंतींचे, वर कापड ताणता येईल असे अंगण करावे. आपल्याला इतका खटाटोप नको. आपला आषाढ आणि आपली पडवी देवाने आयतीच दिलेली आहे.

एक गंमत मात्र वाळूवर पाहायला मिळते. दांडीवर किंवा चिवल्याला मासळी निवडत बसलेली बाई पाहा. डोक्यावर पदर किंवा टोपली, त्यामुळे कपाळ सावलीत. पण पायांखालच्या वाळूवरून उजेड उलटा वर येतो आणि हनुवटीची खालची बाजू, जी सर्वांत काळी असायला हवी, ती उजळलेली असते. हा परत आलेला उजेड धरला की चित्रात समुद्र न काढताही समुद्र येतो. घरी शेणाने सारवलेली जमीन उजेड गिळते, तेथे हे दिसत नाही. पांढरे लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यावर मात्र दिसते.

आता कृतीचा एकच नियम सांगते, बाकीचे हातानेच शिकायचे. डोळे किलकिले करून पाहावे. तसे केले की पापणीचे केस, सुरकुत्या, कुड्यांची नक्षी सारे नाहीसे होते आणि चेहऱ्याचे तीनच भाग उरतात: उजळ, मधला आणि गडद. दोन इंचांच्या चेहऱ्याला हे तीन पुरेत. उजळ भाग काढायचाच नसतो, तो कागद. त्याला हात लावायचा नाही. मधला भाग एचबीने हलका भरायचा. गडद भाग शेवटी, टूबीने, आणि थोडाच: पापणीखाली, नाकपुडीत, ओठांच्या फटीत, कानामागे, गळ्याच्या वळणावर. सावलीची कड कोठे तीक्ष्ण आणि कोठे विरलेली, हे मात्र नीट पाहावे. नाकाची ओठावर पडलेली सावली कापल्यासारखी असते. गालावरची सावली दूध सांडल्यासारखी हळूहळू पसरते. दोन्ही कडा सारख्याच काढल्या तर गाल लाकडाचा होतो.

कुंकवाबद्दल एक सांगायला हवे. पेन्सिलीला रंग कळत नाही. लाल कुंकू तिच्यात काळे येते, हिरव्या बांगड्या काळसर येतात, आणि नाकाची सावलीही काळीच येते. तेव्हा पाहणाऱ्याचा घोटाळा होतो: हे काळे रंगाचे की सावलीचे? घोटाळ्याचे मूळ येथेच आहे, आणि आपल्या बायकांची माझ्यावरची सारी तक्रारही येथूनच निघते.

आजवर माझ्यापुढे बसलेल्या दहा बायकांपैकी आठ जणींनी चित्र पाहून पहिले वाक्य कोणते उच्चारले असेल? “गो बाई, माझा तोंड काळा कित्याक केलंस?” मी सांगते, अहो, ही सावली आहे. त्या म्हणतात, “असांदे सावली, पण मी काय येवढी काळी आसंय?” मग पदराने तोंड पुसतात, जणू काळे चेहऱ्यालाच लागले आहे. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. मुलगी दाखवायला नेताना तिला खिडकीकडे तोंड करून बसवीत, म्हणजे ती उजळ दिसे. ‘रंग जरा सावळा आहे’ हे वाक्य ज्यांनी दाराआडून ऐकले त्यांतल्या कित्येकजणी आज येथे बसल्या आहेत. मीही त्यांतलीच. अशा बाईच्या गालावर कोणी पेन्सिल आडवी धरून काळे भरू लागली तर तिच्या पोटात धस्स होणारच.

ही धास्ती आपलीच आहे असे कोणी मानू नये. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी मोठी मानी बाई. तिची लघुचित्रे निकोलस हिलियर्ड नावाचा चित्रकार काढी. त्याने काढलेले तिचे १५७२ सालचे चित्र आजही लंडनमध्ये आहे, मुठीत मावेल एवढे. हिलियर्डने आपल्या ग्रंथात तिच्या पहिल्या बैठकीची आठवण दिली आहे. राणीने त्याच्याशी सावलीविषयी चर्चा केली आणि स्वतः होऊन बागेतल्या अशा मोकळ्या जागी जाऊन बसली की जेथे जवळ झाड नाही आणि सावलीही नाही. हिलियर्डला हे पटले. तो स्वतः रेषेचाच भक्त होता. चित्रे सुरेखच आहेत. राणीचे कपडे, मोती, केस पाहून घ्यावेत. पण चेहरा मात्र मला तरी पिठाच्या मुखवट्यासारखा वाटतो. एवढ्या मोठ्या राणीलाही सावलीची भीती वाटली, तेथे आपले काय!

सावली नसलेले सगळेच चित्र वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यातच, कुडाळजवळ पिंगुळीला, ठाकर मंडळींनी चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. एकेक कागद पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगायची. त्या चित्रांत सावली कोठेही नाही. मोठे डोळे, ठसठशीत रेघ, सपाट रंग. दिव्याच्या उजेडात, मागे बसलेल्या माणसालाही राम कोण आणि रावण कोण हे एका दृष्टीत कळले पाहिजे, म्हणून ती तशी आहेत. त्याच लोकांच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात तर पडद्यावर सगळी सावलीच नाचते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सर्वांना आनंद झाला होता. पण चित्रकथीतला राम हा सर्वांचा राम असतो. मला वहीत हवी असते ती शेजारची काकी, आणि तीही अमुक दिवशी दुपारी चार वाजता पडवीत बसलेली. त्यासाठी उजेड कोठून आला हे सांगावेच लागते.

उजेडाची गोष्ट निघाली की आपल्या मुलखातल्या ज्या माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२ साली सावंतवाडीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. १८५७ सालापासून चालत आलेली ही शाळा. तेथे त्या काळी विद्यार्थ्यांना प्रथम पांढऱ्या प्लॅस्टरचे पुतळे पुढे ठेवून सावली काढायला शिकवीत. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. पुतळा पांढराफेक असतो, त्याला गोरे-काळे नसते. तरी त्याच्या गालावर सावली असतेच. ज्या मुलीने एकदा पांढऱ्या पुतळ्यावरची सावली काढली, तिला सावली आणि वर्ण यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे पुतळे कोठले? मी मुलींना उकडलेले अंडे देत असे, किंवा श्रावणात गणपतीच्या शाळेत घेऊन जात असे. रंग न लावलेला मातीचा गणपती एका दिव्याखाली पाहावा. रंग चढला की ती सोंडेची गोलाई अर्धी लपते, हे माझे मत. मूर्तिकारांनी रागावू नये.

हळदणकरांकडे परत येते. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला-संस्था काढली, १९१८ साली ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९६८ साली ते वारले. त्यांचे एक चित्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे, कॅलेंडरवर, मिठाईच्या पेटीवर किंवा कोणाच्या दिवाणखान्यात. एक तरुणी उभी आहे, एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला. ज्योतीच्या उजेडाने बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत आणि चेहरा उजळला आहे. ‘ग्लो ऑफ होप’ असे त्याचे नाव, १९४५-४६ च्या सुमाराचे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ सालीच वारले होते. चित्र आपल्या सावंतवाडीकराचे, आणि दिवा घेऊन उभी राहिलेली मुलगी त्यांची स्वतःची कन्या गीता. वयाची शंभरी ओलांडून त्या २०१८ साली कोल्हापूरला निवर्तल्या.

हे चित्र तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे, हे ऐकून मी प्रथम थक्क झाले होते. जलरंगात चूक झाली की ती खरवडून काढता येत नाही. आणि उजेड दाखवायचा म्हणजे बहुधा कागद उघडा ठेवायचा, आपण पेन्सिलीत ठेवतो तसाच. म्हणून मी मुलींना म्हणत असे, ते चित्र पेन्सिलीने उतरवून पाहा. रंग काढून घेतला तरी दिवा जळतो का? जळतो. कारण त्या दिव्याचे तेज त्याच्याभोवतालच्या काळोखात आहे. सारा कागद उजळ ठेवला असता तर ज्योत कोणाला दिसलीच नसती.

आणखी एक सांगते, कारण हे मला फार उशिरा कळले. सावळ्या चेहऱ्यावर उजेड अधिक खुलतो. गोऱ्या गालावरची चमक आजूबाजूच्या उजळपणात हरवते. मासळीबाजारातल्या एखाद्या काळ्यासावळ्या बाईच्या गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, तेल लावून चापून बसविलेल्या केसांवर उजेड असा लखलखतो की पेन्सिल हातात असलेल्या माणसाला तोच चेहरा हवासा वाटतो. अशा वेळी कागदाचा पांढरेपणा कातडीला द्यायचा नाही. सबंध चेहऱ्यावर मधली छटा घालायची आणि चमकेच्या तीन-चार जागाच राखायच्या. नथीतला मोती त्यांतलाच एक. शाळेच्या पुस्तकांत हे मला कोणी सांगितले नव्हते.

आता दोन चित्रांची हकीकत.

आमच्या पलीकडच्या घरातली काकी वायनाशेजारी बसून कांडप थांबवून घटकाभर दम खात होती. दुपार कलती होती. मी वही काढली. वीस मिनिटांत चित्र झाले. काकीचे मागचे दात पडलेले, त्यामुळे उजेडाच्या उलट बाजूचा गाल आत ओढलेला, तेथे मी चांगली दाट सावली भरली. काकीने पाहिले मात्र, माझ्यावर उखडली. “पूस ता!” म्हणाली. मी पुसले असते. पण त्या दिवशी रबर घरी राहिले होते. चित्र तसेच राहिले, काकी चार दिवस बोलली नाही. पुढे काही वर्षांनी ती गेली. बाराव्याला आलेला तिचा मुंबईचा मुलगा माझ्याकडे आला आणि ते चित्र मागू लागला. त्याच्या मोबाइलमध्ये आईचे शंभर फोटो होते. ते त्याने मला दाखविले. फोनच्या दिव्याने समोरून लख्ख झालेली, कातडी गुळगुळीत केलेली, गोरीपान काकी. आजकाल फोनच ते काम आपसूक करतो, सुरकुत्या आणि सावल्या काढून टाकतो. मुलगा चित्रातल्या त्या आत गेलेल्या गालावर बोट ठेवून बराच वेळ बसला. मी वहीतले पान फाडून त्याला दिले.

दुसरे चित्र माझ्या सासूबाईंचे. आम्ही त्यांना आईच म्हणत असू. मे महिना होता, आई मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळ बसून रातांबे फोडीत होत्या. माडांतून गाळून आलेला उजेड एका बाजूने. हात लाल झालेले, मान जराशी कललेली. चित्र माझ्या मते बरे उतरले होते. आईंनी ते हातात न घेता, हात भरलेले म्हणून, लांबूनच पाहिले. म्हणाल्या, “गो, ह्या काय केलंस? माझा अर्धा तोंड कोळश्यान पुसलंस. लोका काय म्हणतली?” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी ऐकले नसते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा त्यांच्या रंगावरून काय काय बोलले गेले होते, ते मला दुसऱ्यांकडून कळले होते. त्या दिवशी रबर जवळ होते. मी ती सारी सावली पुसली. गाल, नाकाची बाजू, हनुवटीखालचा गळा. आई खूश झाल्या. खरोखरीच खूश झाल्या, आणि आल्यागेल्याला ते चित्र दाखवू लागल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांचा आनंद खोटा होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

आई जाऊन आता पंधरा वर्षे झाली. त्यांचा दुसरा फोटो म्हणजे लग्नाच्या घोळक्यातला, पदराने अर्धे तोंड झाकलेला, आणि मतदानाच्या कार्डावरचा, जो कोणाचाही असू शकेल. म्हणून घरात ते चित्रच लावायचे ठरले. चौकट करून आणली, भिंतीला लावली. आमचे हे समोर उभे राहून पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, “आये अशी दिसायची?”

मी ते चौकटीतून काढून सावली परत भरायला बसले. प्रथम कागदाने साथ दिली नाही. रबराने घासलेल्या जागी कागदाचा दाणा मरतो, तेथे पेन्सिल बसत नाही, डाग पडतात. मग मी नव्या कागदावर ते उतरवून घेतले. डोळे, नाक, ओठ, कुंकू बरोबर आले. पण गालाच्या हाडाखाली सावली किती खाली आली होती? ओठाच्या कोपऱ्याला ती टेकत होती की अलीकडेच विरत होती? नाकाच्या कोणत्या बाजूला माडाच्या झावळीतून उजेडाचा एक तुकडा पडला होता? मी डोळे मिटून मागचे दार, रातांब्यांची टोपली, लाल झालेले हात सारे पाहू शकत होते. चेहरा आठवत होता, पण त्यावरचा त्या दुपारचा उजेड आठवत नव्हता. चार वेळा प्रयत्न केला. चारही चित्रांत कोणीतरी म्हातारी बाई आहे. आई त्यांत नाहीत. भिंतीवर अजून ते पुसलेलेच चित्र आहे.

चालकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या बुधवारपासून दर बुधवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या पडवीत वही घेऊन बसणार आहे. आपल्या वाड्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्या ज्या बायका असतील त्यांना सुनांनी, लेकींनी हात धरून घेऊन यावे. वीस मिनिटांहून अधिक बसवून घेणार नाही. बरे लुगडे नेसून येण्याची आवश्यकता नाही. नेहमीचेच असावे, आणि पावडर लावू नये. हातात नेहमीचे काही काम असले, वाती वळणे, तांदूळ निवडणे, तर फारच चांगले, म्हणजे मान आपल्या जागी राहते. तरुण मुलींपैकी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आपापली एचबी आणि टूबी पेन्सिल, तासायला पाते आणि जाडसर कागद आणावा. पोस्टकार्डाच्या मापाचा, म्हणजे चौदा सेंटिमीटर लांब आणि नऊ रुंद. खोडरबर कोणी आणू नये. मीही आणणार नाही.